साहेबाचे ओटे आणि आपला इतिहास

(मालवण येथे एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



मालवणात येऊन सिंधुदुर्गाविषयी बोलायचे म्हणजे आजीजवळ आजोळच्या गोष्टी सांगण्यासारखे आहे. या सभागृहातून बाहेर पडून बंदरावर गेले की किल्ला समोर दिसतो. तुमच्यापैकी कित्येकांचे बालपण त्याच्या तटावर हिंडण्यात गेले असेल. मी इतिहासाचा संशोधक नव्हे. कला शाखेचा साधा पदवीधर, आणि तीस वर्षे वृत्तपत्रात झिजलेला माणूस. संशोधकांना प्रश्न विचारायचे आणि त्यांची उत्तरे वाचकांपर्यंत पोहोचवायची, एवढाच माझा व्यवसाय. त्या व्यवसायात जे शिकलो, आणि जिथे चुकलो, ते आज आपल्यासमोर मांडणार आहे.

निमित्त आपणा सर्वांना ठाऊक आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. या बारांपैकी सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन एकट्या आपल्या जिल्ह्यात आहेत. आनंद झाला, फटाके वाजले, अभिनंदनाचे फलक लागले. ते योग्यच होते. परंतु त्यानंतर काही दिवसांनी मी होडीतून किल्ल्यावर जात असताना शेजारी एक परदेशी जोडपे बसले होते. त्यांच्याबरोबरच्या मार्गदर्शक तरुणाने बंदरापासून दरवाजापर्यंतच्या प्रवासात सांगितलेल्या आठ-दहा गोष्टींपैकी निम्म्या तरी निराधार होत्या. मुलगा हुशार होता, त्याच्या बोलण्यात आवेश होता, महाराजांविषयीची भक्ती तर ओसंडत होती. त्या पाहुण्याने वहीत सारे टिपून घेतले. आता तो आपल्या देशी जाऊन ताडून पाहील. तेव्हा त्याला काय वाटेल, या विचाराने मी अस्वस्थ झालो. कारण तीच चूक मी स्वतः केली होती, तीही छापील.

१९९५ सालची गोष्ट. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, खग्रास सूर्यग्रहण होते. उत्तर भारतात ते खग्रास दिसणार होते, आपल्याकडे खंडग्रास. संपादकांनी सांगितले, ग्रहणावर काहीतरी आपल्या भागाचे लिही. मी तेव्हा पंचविशीतला. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत, हे मला ठाऊक होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवर दुर्बीण मांडली आणि हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी ती झोकात लिहिली. ‘हेलियमचे जन्मस्थान कोकणात’ असा मथळा होता. लेख गाजला.

आठवड्याने एक पोस्टकार्ड आले. लिहिणारे विज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक होते. अक्षर मोत्यासारखे, मजकूर तीन ओळींचा. आपला लेख वाचला, १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडातच होते, विजयदुर्गास ते आले ते तीस वर्षांनंतर, कृपया तपासावे. बस्स, एवढेच. रागावणे नाही, टोमणा नाही. मला मात्र ते तीन वाक्यांचे कार्ड तीन दिवस झोप देईना. शेवटी मुंबईच्या एका जुन्या ग्रंथालयात जाऊन बसलो.

हकीगत अशी आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण भारतातून खग्रास दिसले, हे खरे. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्यासाठी मुद्दाम आले. पण ते आंध्रातील गुंटूर येथे होते. मेजर टेनंट यांचा इंग्रज चमूही गुंटूरलाच होता. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला, तर लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला. सूर्याभोवती उसळणाऱ्या ज्वाला वायुरूप आहेत, हे या निरीक्षणांतून निश्चित झाले. आणि वर्णपटात एक ठळक पिवळी रेषा दिसली. पुढे जान्सेनच्या लक्षात आले की या ज्वालांचा वर्णपट ग्रहणाविनाही घेता येतो. लॉकियरने २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडातच बसून, भर दिवसा, ग्रहण नसताना, तीच गोष्ट स्वतंत्रपणे साधली. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोहोचली, हा योगायोग विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. फ्रेंच सरकारने दोघांच्या मुखाकृती असलेले पदक काढले. ती पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून लॉकियरने सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून ‘हेलियम’ हे नाव सुचविले. कित्येक शास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना एका खनिजात तोच वायू सापडला, तेव्हा वाद मिटला.

मग विजयदुर्गाचे काय? मी खिन्न होऊन ग्रंथ चाळीत होतो आणि एका पानावर थबकलो. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातील तो निबंध होता. विषय, २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण. स्थळ, विजयदुर्ग. आणि लेखकांत पहिलेच नाव लॉकियर यांचे! म्हणजे साहेब आला होता, दुर्बीणही मांडली होती. केवळ साल चुकले होते. तीस वर्षांचे अंतर लोकस्मृतीने मिटवून टाकले आणि दोन ग्रहणांचे एक ग्रहण केले. त्या ओट्यांची संगती १८६८ पेक्षा १८९८ शी लावणेच सयुक्तिक आहे.

आता गंमत पाहा. ही खरी हकीगत दंतकथेपेक्षा कितीतरी रसाळ आहे. लॉकियर यांच्या मदतीस ‘मेल्पॉमिनी’ नावाची इंग्रजी युद्धनौका विजयदुर्गास येऊन उभी राहिली होती. तिच्या कप्तानाने आपले अधिकारी आणि खलाशी वेधासाठी दिले. तोफा चालविणाऱ्या हातांना दुर्बिणी, छायाचित्रांच्या काचा आणि सेकंदांची मोजणी यांचा सराव करविण्यात आला. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटे टिकणार. तेवढ्यात प्रत्येकाने आपले ठरलेले काम चुकू न देता करायचे. एके काळी ज्या बंदराच्या नावाने इंग्रज नौकांना धडकी भरत असे, त्या आंगऱ्यांच्या बंदरात इंग्रज खलाशी सूर्याचा प्रकाश मोजीत उभे होते!

आणि याच ग्रहणाच्या वेळी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आणखी एक निरीक्षक आपली यंत्रे मांडून बसले होते. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या साहाय्याने वेधशाळा उभारली होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही जेऊरलाच होते. म्हणजे १८९८ मध्ये महाराष्ट्राच्या भूमीवर इंग्रज, अमेरिकन आणि भारतीय चमू एकाच सूर्याकडे पाहत होते. त्या दिवशी लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते, रँडच्या वधाने पुणे हादरून गेलेले होते, प्लेगने घरेच्या घरे ओस पडली होती. अशा काळात एक भारतीय प्राध्यापक स्वतःच्या यंत्रांनिशी, साहेबाच्या बरोबरीने सूर्याचा वेध घेतो. आपण नायगमवालांचे नाव शाळेत कधी ऐकले का? मी तरी ऐकले नव्हते. खोट्या सनावळीच्या आनंदात आपण खरा माणूस गमावला.

विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, विद्यार्थी जमतात, विज्ञानाच्या गप्पा होतात. तो बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु त्याच्या जोडीला २२ जानेवारीचे स्मरण का करू नये? मुलांना दोन्ही ग्रहणांची नीट गोष्ट सांगावी आणि हेही सांगावे की स्मृती कशी चुकते. विज्ञानाचा याहून चांगला धडा कोणता?

पाण्याखालची भिंत आणि पाण्यावरची आग

विजयदुर्गाचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे थांबू. या किल्ल्याच्या पश्चिमेस समुद्रात पाण्याखाली एक भिंत असून शत्रूची गलबते तिच्यावर आपटून फुटत, असे आपण ऐकत आलो. येथे मात्र जनश्रुती अगदीच वाऱ्यावरची नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सागरी पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी या परिसरात पाणबुड्यांच्या साहाय्याने पाहणी केली आणि पाण्याखालच्या बांधकामाची नोंदही केली. वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये येथे कातळ कोरून आणि बांधून काढलेली आंगऱ्यांची गोदी आहे, तिचीही मोजमापे घेतली गेली. शंभर मीटरहून अधिक लांबीची ती गोदी अठराव्या शतकात कोणत्याही आरमाराला भूषण ठरावी अशी होती. भिंत कोणी बांधली, केव्हा बांधली, याविषयी अभ्यासक जपून बोलतात. आपण मात्र बेधडक सांगतो. ज्याने पाण्यात उतरून दगड चाचपला तो ‘असावे’ म्हणतो, आणि ज्याने काठावरून पाहिले तो ‘आहेच’ म्हणतो, हा अनुभव मला पत्रकारितेत पदोपदी आला.

पण त्या भिंतीविषयी उत्साहाने बोलणारे आपण १७५६ विषयी गप्प का असतो? तेही विजयदुर्गच आहे. त्या वर्षी १२ फेब्रुवारीला ॲडमिरल वॉटसनच्या नौकांनी किल्ल्यावर मारा केला आणि जमिनीवरून क्लाइव्हची पलटण चालून आली. हाच क्लाइव्ह पुढच्या वर्षी प्लासीला दिसतो. बंदरात दाटीने नांगरलेल्या तुळाजी आंगऱ्यांच्या नौकांना आग लागली, एकीकडून दुसरीकडे ती पसरत गेली आणि बघता बघता आरमार जळून खाक झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. या मोहिमेत इंग्रजांचा दोस्त कोण होता? पुण्याचे पेशवे. तुळाजी अनावर झाले होते, पेशव्यांना जुमानीत नव्हते, स्वकीयांच्या मुलखालाही उपद्रव देत होते, हे सगळे खरे. नानासाहेबांची बाजू मांडणारे इतिहासकार आहेत आणि त्यांचे म्हणणे फेटाळून लावावे असे नाही. तरीसुद्धा शिवछत्रपतींनी पाया घातलेले आणि कान्होजींनी वाढविलेले बळ परकीयांच्या साहाय्याने आपणच मोडले, ही वस्तुस्थिती उरतेच. विजयाचे पोवाडे आपण पिढ्यान्‌पिढ्या गायलो. ही आग मात्र आपल्या पर्यटन-पुस्तिकांत क्वचितच आढळते. वारसा सांगायचा तर तोही सांगावा लागेल. जागतिक वारशाच्या यादीत किल्ला गेला म्हणजे त्याची राखही गेली.

कुरटे बेटावर

आता समोरच्या किल्ल्याकडे येतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झाली, हिरोजी इंदुलकरांनी बांधकाम पाहिले आणि १६६७ मध्ये ते पुरे झाले, असा रूढ इतिहास आहे. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. गणेश, चंद्र-सूर्य कोरलेला हा खडक. येथे पूजन करून महाराजांनी कामास आरंभ केला अशी परंपरा. बेटाचे क्षेत्र सुमारे ४८ एकर, तटाची लांबी तीन किलोमीटरच्या घरात. इथवर बहुतेकांचे एकमत असते. पुढे मात्र गडबड सुरू होते. बुरूज किती? कोणी ३२ म्हणतो, कोणी ४२, कोणी ५२. अहो, बुरूज समोर उभे आहेत! एका ओहोटीला चार पोरे तट फिरून आली तर मोजून होतील. आम्हा पत्रकारांनाही ते सुचत नाही. आम्ही आदल्या वर्षीच्या अंकातून आकडा उतरवतो.

पायात किती खंडी शिसे ओतले, किती पाथरवट, किती लोहार आणि किती मजूर खपत होते, याचे नेमके आकडे आपण तोंडपाठ सांगतो. हे आकडे येतात कुठून? पुष्कळसे उत्तरकालीन बखरींतून. शिवछत्रपतींच्या समकालीनाने लिहिलेली बखर सभासदाची. ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिली गेली. चित्रगुप्त, चिटणीस या बखरी बऱ्याच नंतरच्या, काही तर घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या. त्यांत काहीच तथ्य नसते असे नाही. जुन्या आठवणी, हरवलेली कागदपत्रे त्यांत झिरपलेली असतात. म्हणून तर राजवाड्यांपासून १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या सर्व अभ्यासकांनी आयुष्ये अस्सल कागद शोधण्यात घालविली. अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये, गजानन भास्कर मेहेंदळे आपल्यातून गेले. एकेका विधानाला पुरावा मागणारा हा माणूस. मूळ साधने वाचता यावीत म्हणून ते फारसीसारख्या परक्या भाषा शिकले. शिवछत्रपतींच्या आरमारावर त्यांनी संतोष शिंत्रे यांच्यासह पुस्तक लिहिले. ते पुस्तक आपल्या किती शाळांच्या ग्रंथालयांत आहे, याची चौकशी आज येथे बसलेल्या शिक्षकांनी करावी.

कागद बोलू लागला की काय होते याचे एक उदाहरण. आरमाराच्या आरंभीच्या दिवसांत, १६५९ च्या सुमारास, कल्याण-भिवंडीच्या परिसरात महाराज जहाजे बांधवीत होते. तेव्हा रुय लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याची माणसे त्या कामावर होती. पुढे ती काम सोडून निघून गेली. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे काम पुरे होऊ द्यायचे नव्हते. गोव्याच्या पुराभिलेखागारात आयुष्य वेचलेल्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागदांतून असे कितीतरी संबंध उजेडात आणले. काहींना हे ऐकून वाईट वाटते. परक्यांची मदत घेतली म्हणजे आपले कर्तृत्व उणे झाले की काय! मला तर यात महाराजांचे मोठेपण दिसते. जे आपल्याकडे नाही ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून शिकावे, आणि तो पळून गेला तर थांबू नये. कारागीर गेले म्हणून आरमार थांबले नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये याच मालवणातून महाराज स्वतः समुद्रमार्गे बसरूरच्या स्वारीवर निघाले, तेव्हा बरोबर ८५ गलबते आणि ३ मोठी तारवे होती, असे इंग्रजांच्याच पत्रव्यवहारात आहे. शत्रूने मोजलेला हा आकडा. त्याला मुलामा देण्याची गरज आहे काय?

किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिराचेही तसेच. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये हे मंदिर बांधले, असे आपण सांगतो. क्वचित कोणी भर घालतो की स्वतः येथे उभे राहून बांधून घेतले. थोडा विचार करा. १६९५ मध्ये राजाराम महाराज कोठे होते? ते जिंजीत होते. १६८९ च्या अखेरीस ते तेथे पोहोचले आणि १६९७ च्या अखेरीपर्यंत झुल्फिकारखानाच्या वेढ्यात तेथेच राहिले. रायगड गेलेला, महाराणी येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत, स्वतः छत्रपती शेकडो कोसांवर परमुलखात कोंडलेले. १६९५ हे साल खरे मानले तर त्या अवस्थेत त्यांच्या आज्ञेने या सागरातील बेटावर पित्याचे मंदिर उभे राहिले! मावळे, आरमारी माणसे, किल्लेदार यांना कोणाच्या नावाने लढायचे ते त्या मूर्तीने सांगितले असेल. आणि त्याच जिंजीत, त्याच काळात, सभासद बखर लिहीत होता. आज युनेस्कोच्या यादीत सिंधुदुर्ग आणि जिंजी शेजारी बसले आहेत. होडीतल्या त्या तरुणाने ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली असती तर!

चुना, मीठ आणि होडीवाला

कागदाइतकाच महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे दगड. पुरातन वास्तूंच्या जतनाचे काम करणाऱ्या एका अभियंत्याबरोबर मी एकदा तट पाहत फिरलो. मी विचारले, साडेतीनशे वर्षे लाटा खाऊन हा तट उभा कसा? ते म्हणाले, कारणे अनेक आहेत. पण आधी चुना समजून घ्या. चुन्याचे बांधकाम श्वास घेते. दगडात शिरलेला ओलावा सांध्यांतून बाहेर पडतो. हल्ली डागडुजीच्या उत्साहात कोणी त्यावर सिमेंट थापले की तो मार्ग बंद होतो. खारे पाणी दगडातच अडकते, सुकताना मिठाचे स्फटिक होतात, ते फुगतात आणि दगडाचा दर्शनी पापुद्रा सुटू लागतो. म्हणजे सिमेंट शाबूत राहते आणि दगड मरतो! वरून पाहणाऱ्याला वाटते, काम पक्के झाले. वड-पिंपळाच्या मुळांचेही तसेच. वरचे झाड तोडले की आपले समाधान होते. मूळ तटात जिवंतच राहते आणि पुढच्या पावसाळ्यात दगड आणखी फाकतो. ‘श्रमदानाला माणसे पुष्कळ येतात हो,’ ते म्हणाले, ‘पण कोयता हातात देण्याआधी तासभर ऐकून घेणारी थोडी.’

खाऱ्या वाऱ्याची ताकद काय असते, हे मालवणकरांना मी सांगायला नको. राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्या दिवशी तुमच्या घरांत चूल पेटली नसेल, असे मला त्यावेळी भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या चेहऱ्यावरून वाटले होते. २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभा राहिला. कोणाला दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. ते काम चौकशीचे आणि न्यायालयाचे. मला दिसते ते एवढेच, की एकाच किनाऱ्यावर, एकाच वाऱ्यात, सतराव्या शतकातला तट उभा होता आणि एकविसाव्या शतकातली मूर्ती नऊ महिन्यांत पडली. आपली भक्ती हिरोजींच्या काळापेक्षा उणी नसेल. पण भरती-ओहोटी, वारा आणि चुना यांचे त्यांचे ज्ञान पक्के होते.

हे ज्ञान त्यांना कोठून मिळाले असेल? काही पाथरवटांकडून, काही गवंड्यांकडून, आणि पुष्कळसे येथल्या दर्यावर्दी माणसांकडून. ही जागा महाराजांना येथल्या कोळ्यांनी दाखविली आणि त्यांना इनामे मिळाली, अशी परंपरा आहे. परंपरेला कागदाचा आधार किती, ते अभ्यासकांनी पाहावे. परंतु एवढे निश्चित, की मालवणच्या किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंतचा समुद्र खडकांनी भरलेला आहे आणि अनोळखी नौकेला त्यातून वाट सापडणे कठीण. तटाबुरजांच्या आधी हे खडकच किल्ल्याचे रक्षण करतात. ते खडक ज्याला ठाऊक तोच या किल्ल्याचा पहिला तज्ज्ञ. इंग्रजांनी १७६५ मध्ये किल्ला घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नावही ठेवले, आणि लवकरच करवीरकरांना परत केला. ते नाव आज कोणाच्या तोंडी आहे? खडकांची नावे मात्र गाबितांच्या तोंडी टिकली.

किंबहुना, टिकली होती असे म्हणणे अधिक खरे. मागच्या खेपेस ज्यांच्या होडीतून गेलो ते नाखवे सत्तरी ओलांडलेले. घाईत असलेल्या प्रवाशांनी गलका केला तेव्हा ते शांतपणे एवढेच म्हणाले, ‘पाणी वळांदे, मगे जावया.’ परत येताना मी त्यांना खडकांची नावे विचारली. त्यांनी सांगायला सुरुवात केली. प्रत्येक नावामागे एक हकीगत. कोणावर कधी गलबत फुटले, कोणत्या खडकाआड कोणती मासळी मिळते, कोणता फक्त अमावास्येच्या ओहोटीला डोके काढतो. मुलाला हे सगळे ठाऊक आहे का, असे विचारले. ते हसले. मुलाच्या होडीला यंत्र आहे आणि खिशात मोबाईलवर नकाशा आहे. त्याला नावांची गरज पडत नाही.

याच तालुक्यात आणखी एक उदाहरण आहे, ते आशा वाढविणारे म्हणून सांगतो. हिवाळ्याच्या सड्यावरील कातळशिल्पे सतीश लळीत यांनी २००१ च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेस आणली. पुढे कुडोपीची चित्रे पुढे आली, आणि २०२२ मध्ये कोकणच्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यात कुडोपीचे नाव आहे. गुराख्यांना ती चित्रे आधीपासून ठाऊक होती. पांडवांनी एका रात्रीत काढली, असे ते म्हणत. आता अभ्यासक त्यांचा काळ हजारो वर्षे मागे नेतात. पांडवांची कथा त्यामुळे खोटी ठरून फेकून द्यावी लागली का? नाही. तिनेच त्या जागेला पावित्र्य दिले आणि तिच्यामुळेच त्या सड्यावर जांभ्याची खाण पडली नाही, असे गावकरी म्हणतात. जनश्रुतीने राखले आणि अभ्यासकाने ओळखले. दोघांची गाठ वेळेवर पडली, एवढेच भाग्य. जेथे ती पडली नाही तेथे चिरेखाणीत काय गेले असेल, याची कल्पना करवत नाही.

म्हणून शेवटी एक काम सांगून थांबतो. तुमच्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात, जुन्या पेट्यांत मोडीतले कागद असतील. इनामाची सनद असेल, खोताचा हिशेब असेल, बंदरावरच्या जकातीची पावती असेल. वाचता येत नाही म्हणून वाळवीला देऊ नका. होळीत तर मुळीच टाकू नका. हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. निदान उजेडात नेऊन छायाचित्रे काढून ठेवा. मोडी वाचणारी तरुण मंडळी आता पुन्हा तयार होत आहेत.

आणि खडकांच्या नावांविषयी. येथल्याच एका निवृत्त शिक्षकांनी जुन्या नाखव्यांकडे बसून ती वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. नावासमोर जागा, जागेसमोर सांगणाऱ्याची हकीगत. काल संध्याकाळी त्यांनी ती वही मला दाखविली. काही पाने होडीत भिजून चिकटली आहेत, ती त्यांनी इस्त्री करून सोडविली आहेत. अजून पुष्कळ पाने कोरी आहेत आणि सांगणारी माणसे थकत चालली आहेत. उद्या सकाळी ओहोटी आहे. गुरुजी राजकोटाखालच्या खडकांवर जाणार आहेत, दोन नाखवे बरोबर आहेत, मीही जातो आहे. ज्यांना यायचे त्यांनी उजाडता उजाडता बंदरावर यावे. पायात जुनी चप्पल असावी; शेवाळ फार आहे.